स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्यात? चिठ्ठी हातात पडल्यापासून गोळी उतरेपर्यंत

मकरसंक्रांतीच्या आठवड्यात नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या जिन्यात मी चिठ्ठी उलगडून पाहिली. प्रेडनिसोलोन 40 मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर, सहा आठवड्यांनी पुन्हा भेट. सोबत आलेल्या थोरल्या जाऊबाईंनी नाव वाचलं आणि पायरीवरच थांबल्या. "हे स्टेरॉइड आहे वं. घेऊ नको. एकदा सुरू झालं की सुटत नाही."

मला सार्कॉइडोसिस आहे. या आजारात फुप्फुसांत आणि छातीतल्या गाठींत सुजेचे बारीक दाणे तयार होतात. एक्स-रे टीबीसारखाच दिसतो, म्हणून आधी चार महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. शेवटी गाठीचा तुकडा तपासला तेव्हा खरं काय ते कळलं. पण हे लिहिते आहे ते फक्त सार्कॉइडोसिसवाल्यांसाठी नाही. आमवात, ल्युपस (यात प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उलटते), आतड्यांची जुनी सूज, आणखी कितीतरी आजारांत ही गोळी महिनोन्‌महिने घ्यावी लागते. डॉक्टरांना पेशंटमागे दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत जे सांगून होत नाही आणि घरी आल्यावर ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागतो, ते इथे लिहिलं आहे. माझे डोसचे आकडे उदाहरण म्हणून वाचा. तुमचा आकडा तुमच्या चिठ्ठीवरचाच.

ही गोळी आहे तरी काय

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, अ‍ॅड्रिनल. त्या रोज कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक बनवतात. पहाटे ते वाढायला लागतं, सकाळी सर्वात जास्त असतं आणि मध्यरात्री सर्वात कमी. रक्तदाब, साखर, ताप-दुखण्याला तोंड देण्याची ताकद, सगळं त्याच्यावर चालतं. प्रेडनिसोलोन हा त्याचाच कारखान्यात बनलेला भाऊ. शरीर दिवसभरात जेवढं कॉर्टिसॉल बनवतं, त्याचं काम साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन करतं. म्हणजे 40 मिलिग्रॅम म्हणजे रोजच्या गरजेच्या आठपट. एवढ्या प्रमाणात ते सूज दाबतं, आणि ज्या प्रतिकारशक्तीने आपल्याच अंगावर हल्ला चढवलेला असतो तिलाही दाबतं.

जिममधली पोरं दंड फुगवायला जे घेतात ते स्टेरॉइड वेगळं, पुरुष संप्रेरकाच्या जातीचं. नाव एक म्हणून आपल्या गोळीच्या माथी त्याची बदनामी येते.

1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच जातीचं औषध, टोचलं. आपल्या नागपूरच्या मेयोचा त्या मेयोशी संबंध नाही, मलाही आधी तसंच वाटलं होतं. काही दिवसांत ती बाई उठून चालायला लागली. 1950 मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. आणि त्याच काळात डॉक्टरांच्या हेही लक्षात आलं की मोठ्या डोसची किंमत शरीर मोजतं. तेव्हापासून आजपर्यंत सगळी कसरत एकच आहे, कमीत कमी डोसमध्ये आजार ताब्यात ठेवायचा.

पहिल्या गोळीआधी डॉक्टरांना काय सांगायचं

विचारलं नाही तरी सांगायचं. पूर्वी टीबी झाला होता का, घरात कुणाला झाला का. कारण दबून बसलेला टीबी स्टेरॉइडने डोकं वर काढू शकतो. म्हणूनच छातीचा एक्स-रे आणि गरज वाटली तर टीबीची तपासणी आधी करतात. साखर, रक्तदाब, काचबिंदू, अल्सर, हाड मोडण्याचा इतिहास, कावीळ ब, मनाच्या आजाराची औषधं, यातलं काहीही असेल तर तेही.

आणि विदर्भात राहणाऱ्यांनी एक गोष्ट ठासून सांगावी, सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. आपल्याकडे अनेक कुटुंबांत तो आहे आणि कित्येकांना आपण वाहक आहोत की रुग्ण हेही नीट माहीत नसतं. सिकलसेलच्या रुग्णाला स्टेरॉइडमुळे दुखण्याचा झटका येऊ शकतो. शिवाय खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका सिकलसेलमध्येही असतो आणि स्टेरॉइडमध्येही. सिकलसेल तपासणीचं पिवळं किंवा लाल कार्ड घरात कुणाकडे असेल तर ते फाइलमध्ये लावूनच जा. कधी तपासलंच नसेल तर तसं सांगा, रक्ताची साधी तपासणी आहे, सरकारी दवाखान्यात होते.

सुरुवातीलाच वजन, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर लिहून ठेवा. पुढे काही वाढलं तर ते गोळीने वाढलं की आधीपासूनच होतं, हे त्याशिवाय कळत नाही. मी शाळेची शंभर पानी वही केली. डाव्या पानावर तारीख आणि डोस, उजव्या पानावर जे झालं ते. गेली दोन वर्षं प्रत्येक डॉक्टरांनी माझी फाइल बाजूला ठेवून आधी ती वही मागितली आहे.

नाव आणि मिलिग्रॅम, दोन्ही पाठ करा

दुसऱ्या महिन्यात औषधाच्या दुकानात माझी गोळी संपली होती. काउंटरवरच्या मुलाने गोळ्यांचा दुसरा पत्ता पुढे केला, "काकू, हे पण तेच आहे." तो डेफ्लाझाकॉर्ट होता, 6 मिलिग्रॅमचा. तेही स्टेरॉइडच, पण त्याचे 6 म्हणजे प्रेडनिसोलोनचे 5. मिथाइलप्रेडनिसोलोनचे 4 म्हणजे प्रेडनिसोलोनचे 5. डेक्सामिथासोनची तर पाऊण मिलिग्रॅमची गोळी प्रेडनिसोलोनच्या 5 च्या तोडीची. आकडा बघून बदली गोळी घेतली की डोस नकळत वर-खाली होतो. कंपनी बदलली तर चालेल, पण मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम तेच हवेत. जनऔषधी केंद्रातली प्रेडनिसोलोन चालते, स्वस्तही पडते. एकाच घरात 5, 10 आणि 20 चे पत्ते असतील तर प्रत्येकावर जाड पेनाने आकडा लिहा. चष्मा हाताशी नसताना ते सगळे सारखेच दिसतात.

रोजची गोळी

सकाळी, आठच्या आसपास, पोटात काहीतरी घालून. सकाळीच का, तर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही तेव्हाच वर असतं, आणि संध्याकाळी घेतली तर रात्र डोळ्यांवरून जाते. डॉक्टरांनी दोनदा विभागून दिली असेल तर दुसरी दुपारी घेऊ का, ते विचारून घ्या. सकाळी विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवसाची तेवढीच घ्यायची, दोन दिवसांची एकत्र नाही.

उपवासाचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त बायका विचारतात. चतुर्थी, एकादशीला गोळी चुकवायची नाही. फराळ करून घ्या. पण साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं असं एकावर एक नको, साखर उसळते. राजगिऱ्याची भाकरी, दही, दाणे बरे. हरतालिकेचा निर्जळी उपवास मी सोडून दिला. सासूबाईंनी चाळीस वर्षं केला, मी पंचवीस वर्षं केला, मनाला लागलं. पण पाण्याशिवाय आणि गोळीशिवाय दिवस काढणं या औषधावर असताना धोक्याचं आहे आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. रोजे ठेवणाऱ्यांनीही सहेरीला गोळी घेऊन भागेल का, रोजा ठेवावा का, हे रमजानच्या आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

उन्हाळ्यात गोळ्या कुठे ठेवता ते बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, बंद घरात आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून जास्त. गॅसच्या वरची फळी, गाडीचा कप्पा, खिडकीची चौकट, तिन्ही नको. घरातल्या सर्वात थंड खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, मूळ पत्त्यातच. न्हाणीघरातही नको, ओल लागते.

अचानक बंद केल्यावर काय होतं

एवढं एक लक्षात राहिलं तरी लिहिल्याचं सार्थक होईल, म्हणून सविस्तर सांगते.

मे महिना होता. गोळी 40 वरून 30, 20 करत 15 वर आली होती. खोकला गेला होता, धाप गेली होती. फक्त चेहरा पुरीसारखा फुगलेला. भाचीच्या लग्नात जी भेटेल ती म्हणायची, "काहून वं, चेहरा एवढा सुजला?" घरी आले आणि कुणालाच न सांगता गोळी बंद केली. आजार बरा झाला होता, मग गोळी कशाला, एवढाच हिशोब.

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी अंग मोडून आलं, सांधे दुखायला लागले. पाचव्या दिवशी उलट्या, पोटात कळ, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. बाहेर 46 अंश. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. कैरीचं पन्हं झालं, कांद्याचा रस तळपायांना चोळून झाला, कूलरसमोर खाट टाकली. काही पोटात टिकेना. संध्याकाळी मुलीने गाडीत घातलं. तातडीच्या विभागात रक्तदाब वरचा 80 च्या खाली आला होता. सलाईन लावता लावता तिथल्या सिस्टरने विचारलं, "कोणती गोळी चालू होती का, जी आता बंद आहे?" मुलीला माहीत नव्हतं. मी मान हलवली. हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषध म्हणून बनवलेल्या कॉर्टिसॉलचंच, इंजेक्शन दिलं आणि रात्री नऊपर्यंत मी बसून चहा मागत होते.

झालं होतं असं. बाहेरून रोज भरपूर मिळतं म्हटल्यावर शरीर स्वतः कॉर्टिसॉल बनवणं थांबवतं. तीन-चार आठवड्यांहून जास्त गोळी झाली की ग्रंथी झोपी जातात आणि त्यांना जागं व्हायला कधी आठवडे, कधी महिने लागतात. गोळी एकदम बंद केली की शरीरात कॉर्टिसॉल जवळपास उरतच नाही. उलटी, अशक्तपणा, चक्कर, घटलेला रक्तदाब, कधी घटलेली साखर. वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर जीव जाऊ शकतो. नागपूरच्या उन्हाळ्यात हे अगदी ऊन लागल्यासारखं दिसतं, म्हणून जास्त भीती.

यातून घरात तीन गोष्टी कायमच्या बसल्या.

पाकिटात एक कार्ड असतं, मराठीत आणि इंग्रजीत: 'मी प्रेडनिसोलोन घेते, आजार अमुक, डोस तमुक, अचानक बंद करू नये, बेशुद्ध किंवा उलट्या होत असतील तर हायड्रोकॉर्टिसोन द्यावे.' डोस बदलला की कार्ड बदलतं. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरही तेच.

निदान पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या घरात असतात. प्रवासात निम्म्या पर्समध्ये, निम्म्या दुसऱ्या बॅगेत. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये एक बॅग हरवली तरी दुसरी राहते.

आणि तापाचा नियम डॉक्टरांकडून लिहून घेतला आहे. अंगात ताप, मोठं जंतुसंसर्गाचं दुखणं, अपघात, दात काढणं, ऑपरेशन, अशा वेळी निरोगी माणसाचं शरीर आपोआप जास्त कॉर्टिसॉल सोडतं. आपलं सोडू शकत नाही. म्हणून डॉक्टर अनेकदा तेवढ्या दिवसांपुरता डोस दुप्पट करायला सांगतात. आधीच मोठा डोस चालू असेल तर वाढवावाही लागत नाही. तुमचा नियम काय, तो धडधाकट असतानाच विचारून ठेवा. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा एकदा घ्यायची. तीही पडली तर घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. नागपूरचं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल असो, मेयो असो, मिहानचं एम्स असो की कोपऱ्यावरचं नर्सिंग होम, जे सर्वात जवळ ते.

चेहरा, भूक, झोप आणि मन

चेहरा गोल होतो, मानेमागे आणि पोटावर चरबी येते, हातपाय मात्र बारीक राहतात. पुरळ येतं, कातडी पातळ होऊन जरा लागलं तरी काळंनिळं पडतं. हे डोसवर अवलंबून असतं आणि डोस उतरला की चेहरा परत येतो. माझा 10 च्या खाली आल्यावर दोन-तीन महिन्यांत उतरला. तोवर लग्नकार्यात लोक बोलतात आणि ते लागतं. मुलीने एक वाक्य पाठ करून दिलं होतं, "औषधाने आहे, उतरेल," आणि तेवढं बोलून पुढे व्हायचं.

भूक मात्र खरीच राक्षसी. सकाळी अकरा आणि दुपारी चार, या दोन वेळा मी कपाटातले डबे उघडत फिरायची. या दोन वेळांची सोय आधीच करून ठेवा: फुटाणे, काकडी, मोड आलेली मटकी, ताक, एखादं संत्रं. संत्रं सोलून खा, रस नको, ग्लासभर रसात चार-पाच संत्र्यांची साखर जाते. संत्रा बर्फी घरात आणूच नका, समोर असेल तर हात जाणारच. मीठ कमी करायचं म्हणजे भाजीतलं चिमूटभर कमी करून भागत नाही. पापड, लोणचं, कुरड्या, शेव, बाहेरचा चिवडा यांत ते भरलेलं असतं. तर्री पोहे मी महिन्यातून एकदा खाते आणि मनापासून खाते. वजन दर रविवारी सकाळी, एकाच काट्यावर.

झोप उडते. पहिल्या महिन्यात मी रात्री तीन वाजता उठून पितळेचे डबे चिंचेने घासत होते, आणि मला कसलाच थकवा वाटत नव्हता. कधी उगाच उत्साह, कधी मुलीवर जीव तोडून ओरडणं, मग रडणं. घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की हे गोळीमुळे होऊ शकतं, म्हणजे त्यांना आपला राग लागत नाही. पण संशय यायला लागले, नसलेले आवाज ऐकू आले, जगणं नको वाटलं, तर ती वाट पाहायची गोष्ट नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

स्नायूंचं कुणी सांगत नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला शेजारी सतरंजीवर बसले. ओटी भरून झाली, आंब्याची डाळ खाऊन झाली आणि उठायला गेले तर मांड्यांत जोरच नाही. दोघींनी धरून उठवलं. दुखत काहीच नव्हतं, फक्त ताकद गेलेली. मांड्या आणि खांद्यांचे स्नायू स्टेरॉइडने असे हळूहळू खंगतात. उपाय डोस कमी होणं, पुरेशी डाळ-अंडी-पनीर आणि व्यायाम. मी रोज खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठते, सकाळ-संध्याकाळ. उन्हाळ्यात चालायला साडेपाचला बाहेर पडते आणि सातच्या आत घरी. अंबाझरीच्या काठाने त्या वेळी हवा बरी असते.

साखर, डोळे, हाडं, पोट

सकाळी घेतलेल्या गोळीने साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते. उपाशीपोटीची तपासणी अगदी नॉर्मल येऊ शकते आणि आपण निर्धास्त राहतो. म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासा. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांचं औषध बहुतेकदा वाढवावं लागतं, आणि स्टेरॉइड उतरताना तेच औषध कमीही करावं लागतं. दुसरा भाग विसरला की साखर एकदम खाली जाते.

वर्षातून एकदा डोळे: मोतीबिंदू लवकर येऊ शकतो आणि डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, दाब मोजल्याशिवाय कळत नाही.

हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सर्वात वेगाने होते. तीन महिन्यांहून जास्त गोळी चालणार असेल तर हाडांची घनता मोजण्याबद्दल, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा. काहींना आठवड्यातून एकदा हाडांची झीज रोखणारी अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी देतात. ती गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते.

पण इथे दुसऱ्याचं बघून करू नका. आमच्या इमारतीतल्या एका काकूंना आमवात आहे, त्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची पुडी चालू आहे. त्या मलाही प्रेमाने देत होत्या. सार्कॉइडोसिसमध्ये सुजेचे ते दाणे स्वतःच ड जीवनसत्त्वाला जास्त प्रभावी बनवतात, त्यामुळे वरून घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. माझं कॅल्शियम आधी तपासलं आणि पुडी मला मिळाली नाही. दोघींची गोळी तीच, चिठ्ठी मात्र वेगळी.

जांघेत किंवा खुब्यात दुखत राहिलं, चालताना लंगडायला झालं, तर ते वयावर ढकलू नका. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटत असला तर साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ येतो, एमआरआयमध्ये कळतं.

पोटासाठी नुसतं स्टेरॉइड जेवढं वाईट नाही, तेवढं स्टेरॉइड आणि दुखण्याच्या गोळीची जोडी वाईट. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. डांबरासारखी काळी शी झाली तर लगेच दवाखाना.

आणि काढा. खोकल्यासाठी घरोघरी जो काढा होतो त्यात जेष्ठमध असतं. जेष्ठमधाने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं, स्टेरॉइडबरोबर ते दुप्पट. तुळस-आलं-गवती चहा चालेल, जेष्ठमध रोज नको. सांधेदुखीवर 'देशी औषध, दोन दिवसांत फरक' म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइडच मिसळलेलं आढळलं आहे. म्हणजे चिठ्ठीवरचा डोस एक आणि पोटात जाणारा दुसराच.

संसर्ग

स्टेरॉइड ताप झाकतं. आत पू झाला तरी अंग फारसं तापत नाही. म्हणून थोडा ताप, पण खूप गळून गेल्यासारखं, हेही कळवण्यासारखं आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, रात्रीचा घाम, घटतं वजन असेल तर थुंकी तपासा. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं तर ते प्रेडनिसोलोनचा परिणाम कमी करतं, हे दोन्ही डॉक्टरांना माहीत असायला हवं.

नागीण निघाली, म्हणजे अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे जळजळणारे फोड आले, तर गेरू लावून, मंत्र टाकून दिवस घालवू नका. विषाणूवरचं औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर खरा फायदा. घरात कुणाला कांजिण्या आल्या आणि तुम्हाला पूर्वी आल्या नसतील, तर फोड यायची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी चालतात, घ्याव्यात. जिवंत विषाणूंच्या लसी, जशा कांजिण्या, गोवर-गालगुंड-रुबेला, दोन आठवडे किंवा जास्त काळ 20 मिलिग्रॅम किंवा त्यावर असताना देत नाहीत. पावसाळ्यात अनवाणी चिखलात जाऊ नका. पायाची छोटी जखमही या काळात हळू भरते.

जोडीची औषधं

बरेचदा स्टेरॉइड लवकर उतरवता यावं म्हणून मिथोट्रेक्सेट, अ‍ॅझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट यांपैकी प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध जोडतात. त्यांचा परिणाम दिसायला आठवडे लागतात, तोवर स्टेरॉइड आघाडी सांभाळतं. मिथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर रक्तपेशी कोसळतात, माणसं दगावतात. मी वार ठरवला, रविवार, आणि कालनिर्णयावर प्रत्येक रविवारी लाल गोल केला आहे. दर काही आठवड्यांनी रक्त आणि यकृताची तपासणी चुकवू नका. मूल हवं असेल तर आधी सांगा, मिथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट गरोदरपणात चालत नाहीत.

गोळी उतरवताना

40 वरून 20 पटकन येतं. 20 वरून 10 जरा सावकाश. 7.5 च्या खाली मात्र मुंगीच्या पावलाने, कारण तिथून झोपलेल्या ग्रंथींना स्वतःचं काम हाती घ्यायचं असतं. या टप्प्यावर डोस कमी झाला की आठवडाभर अंगदुखी, मरगळ, चिडचिड येते. दर वेळी आजारच उलटला असं नसतं. माझा नियम असा: पूर्वीची मूळ लक्षणं, म्हणजे खोकला आणि धाप, परत आली का ते बघायचं. ती नसतील आणि नुसतीच मरगळ असेल तर वहीत लिहायचं, आठवडा द्यायचा. ती असतील, किंवा मरगळीबरोबर उलटी-चक्कर असेल, तर फोन. आपणहून वाढवायची नाही आणि आपणहून कमीही करायची नाही.

5 ची गोळी अर्धी करायची तर स्टीलच्या ताटलीत ठेवून मधल्या रेघेवर नवं ब्लेड सरळ दाबा. सुरीने ती उडते आणि चुरा होतो. औषधाच्या दुकानात गोळी कापायची छोटी डबी मिळते, ती त्याहून बरी. एका वेळी एकच गोळी कापा, उरलेला अर्धा त्याच पत्त्याच्या फॉइलमध्ये गुंडाळून दुसऱ्या दिवशी तोच आधी संपवा. वरून गुळगुळीत आवरण असलेली, आतड्यात विरघळणारी गोळी मात्र कापायची नाही. 2.5 ची गोळीही मिळते, दुकानदाराला दोन दिवस आधी सांगून ठेवा.

अगदी शेवटी डॉक्टर सकाळी आठच्या सुमाराची कॉर्टिसॉलची तपासणी सांगू शकतात. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, आधी घेतली तर आकडा चुकतो. म्हणून गोळी आणि दोन बिस्किटं पर्समध्ये घालूनच पॅथॉलॉजीत जा. आकडा पुरेसा आला तर बंद, कमी आला तर त्याच डोसवर आणखी काही महिने आणि पुन्हा तपासणी. माझा पहिल्यांदा कमी आला. मी सध्या 2.5 वर आहे, पुढची तपासणी दिवाळीनंतर. गोळी पूर्ण थांबल्यावरही वर्षभर ते कार्ड पाकिटातून काढायचं नाही, कारण ऑपरेशन किंवा मोठं दुखणं आलं तर तेवढ्यापुरतं इंजेक्शन लागू शकतं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळायला हवं.